पासंग

मागच्या खोलीत एक शेगडी होती, शिसं वितळवायची लोखंडी पळी होती, दुरुस्तीला आलेले चार तराजू आणि सव्वीस वजनं होती, आणि कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर काळी कुत्री होती. तिच्या पोटाशी पाच पिल्लं. गुंजने ती दोनदा मोजली, कारण पाचवं चौथ्याच्या खाली पार दबून गेलं होतं.

गुंज अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून तराजू दुरुस्त करणाऱ्या बापाने तिला सोनाराच्या सगळ्यांत हलक्या मापाचं नाव दिलं. दहा वर्षांनी भाऊ झाला, तर त्याचा केला मण्या, चाळीस शेरांच्या मणावरून. दर महिन्याला बाबा मण्याला मोठ्या तराजूत बसवायचे आणि जितकी वजनं लागतील तितकी खिडकीच्या फळीवर वेगळी मांडून ठेवायचे. पुढच्या महिन्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. सध्या फळीवर पाच किलोचं, दोन किलोचं, एक किलोचं आणि त्यावर पन्नास ग्रॅमचं चिमुकलं पितळी वजन होतं.

गुंजने तीच रीत पिल्लांना लावली. भिंतीच्या कडेने वजनांचे पाच ढीग झाले, रोज थोडे थोडे वाढणारे.

"काय हो," दुकानात आलेली भाजीवाली म्हणाली, "माझा काटा आठवडाभर पडून आहे, आणि इथे कुत्र्यांची मापं चालली आहेत?"

"मावशी, कुत्री निदान दांडीखाली बोट लावत नाहीत," बाबा म्हणाले.

सगळ्यांत लहान पिल्लाला त्यांनी तळहातावर तोललं. "हे तर पासंगाला बांधायच्या कामाचं." एक पारडं हलकं निघालं की त्याला जो चिमूटभर तुकडा बांधतात, तो पासंग. नाव चिकटलं ते चिकटलंच.

"बाबा, याला ठेवून घेऊ या ना."

"किलोभर भरलं तर ठेव," आई मध्येच म्हणाली. ती तारेच्या ब्रशने वजनांवरचा गंज काढत होती. "मरतुकडं जनावर मी सांभाळणार नाही. एक मण्या पुरे आहे मला."

पासंगने मनावर घेतल्यासारखं दूध ओढलं. डोळे उघडले, पाय फुटले, आणि पिल्लं पोत्यांवरून खाली उतरून खोलीभर फिरू लागली. मण्याही तेव्हा नुकताच रांगायला लागला होता. शेगडीपाशी जमिनीवर सहा जणांचा एकच गलका, कोण कुणाची शेपटी ओढतंय कळायचं नाही. वजनाच्या तळाच्या भोकात शिसं ओतून ते भारी करतात, आणि जास्त झालं की छिन्नीने खरवडतात. ते खरवडलेले करडे, चमकदार काप तिथेच पडत. पिल्लं ते चाटत.

"आवडतंय त्यांना," गुंज म्हणाली.

"शिसं गोडसर लागतं. मीही लहानपणी चाटायचो, आजोबा पाठीत धपाटा घालायचे." बाबा हसले. पळी धरलेला उजवा हात मनगटातून खाली झुकला, तो त्यांनी डाव्या हाताने सावरला. आताशा तो असाच झुकायचा. पस्तीस वर्षं कानस घासून आणखी काय होणार, असं ते म्हणत.

मग एक दिवस पासंग सहाशे चाळीस ग्रॅमवर अडकला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. तिसऱ्या दिवशी गुंज बाबांकडे गेली.

"आधी संशय काट्यावर घ्यायचा," बाबा म्हणाले, "मग मालावर." त्यांच्या बापाने त्यांना हेच शिकवलं होतं, आणि याच एका वाक्यावर त्यांचं दुकान चाललं होतं.

त्यांनी तराजू खोलला, दांडी ज्यांवर झुलते त्या धारा पुसल्या, पारडी घासली. मग गुंजच्या ढिगांमधली वजनं तपासली. तीन झिजलेली निघाली. शेगडी पेटली, पळीत शिसं वितळलं, भोकं भरली, काप खाली पडले. पुन्हा तोललं तर पासंग सहाशे वीस.

"पिल्लू घटलं नाही," बाबा समाधानाने म्हणाले. "वजन झिजलं होतं म्हणून आधी जास्त दिसलं. आता खरं दिसतंय."

गुंजला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

त्याच आठवड्यात सगळ्यांत मोठं पिल्लू एकाच जागी गोल गोल फिरायला लागलं, भिंतीवर आपटलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं. आई म्हणाली, काळीचं दूध आटलं असणार. मग आणखी दोन गेली. गुंज आपल्या वाटणीचं दूध पासंगला पाजू लागली. तो प्यायचा आणि ओकून टाकायचा. काटा सहाशेच्या खाली आला. बाबांनी तराजू पुन्हा खोलला.

तो तसा खुला पडला होता, तेव्हा जनावरांचे डॉक्टर आपला काटा दुरुस्तीला घेऊन आले. गुंजच्या मांडीवर पासंगचे चारही पाय ताठ झाले होते आणि तोंडातून फेस येत होता. डॉक्टरांनी काटा खाली ठेवला आणि आधी पिल्लाचं तोंड उघडलं. मग त्यांची नजर जमिनीवर गेली.

"हे काय पसरलंय?"

"शिसं," बाबा म्हणाले. "वजनांत भरतो ते. बसा ना, हा काटा एवढा लावतो. दोनदा सुधारला तरी कमीच दाखवतोय."

"काटा बरोबर आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. "शिसं पोटात गेलं की वाढ खुंटते, वजन घटतं. मग झटके येतात. किती होती?"

"पाच," गुंज म्हणाली. "आता दोन."

पासंगचे पाय सैल पडले.

"एक," ती म्हणाली.

बाबा पिल्लाकडे वाकले. त्यांच्या हातातली छिन्नी टेबलावर पडली, तिथून जमिनीवर. ती कुठे पडली ते पाहायला सगळ्यांनी खाली बघितलं. टेबलाखाली मण्या बसला होता. दोन बोटं तोंडात, हनुवटीवर करडी लाळ.

दाराशी वजनं घासत बसलेल्या आईने ब्रश टाकला, झडप घालून त्याला उचललं आणि पदराने त्याचं तोंड पुसायला लागली. पुसतच राहिली.

"याला मोठ्या दवाखान्यात न्या," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. खातोपितो का नीट?"

"चार दिवस कुरकुर करतोय," आई म्हणाली. "मला वाटलं, दात येताहेत."

"वजन किती होतं, माहीत आहे? तिथे आधी तेच विचारतील."

गुंजने पासंगला पोत्यावर ठेवलं. खिडकीच्या फळीवरची वजनं तिने एकेक करून खाली घेतली. त्यांना ना कानस लागली होती, ना शिसं. मोठ्या तराजूची रिकामी पारडी तिने आधी पाहून घेतली. काटा मधोमध होता. आईने मण्याला एका पारड्यात बसवलं. दुसऱ्यात गुंजने पाच किलो ठेवलं, दोन किलो ठेवलं, एक किलो ठेवलं. ते पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

पन्नास ग्रॅम तिच्या मुठीतच होतं. ते तिने परत फळीवर ठेवलं आणि एक किलो काढून घेतलं. बाबांनी डाव्या हाताने पाचशेचं वजन पुढे केलं, मग दोनशेचं.

काटा मधोमध थांबला. सात किलो सातशे ग्रॅम.