गेनबाचा खांदा

मी ओव्हरकोट बोलतोय. काळा, गुडघ्याखाली लोंबणारा. माझ्या बोलण्याला हसू नगा, मुळात मी धनगराची घोंगडी हाय. सिनेमावाल्यांना विलायती कापड गावंना, म्हणून मला काळ्या रंगात उकळलं, फाडलं आन् कॉलर लावली.

रहस्यपट व्हता. असल्या सिनेमात खुनी शेवटापत्तोर पाठमोराच. कोट, हॅट, हातमोजे, भिंतीवर लांबडी सावली. नटाची चाल लोक वळखतील, म्हणून माझ्या आत घातलं गेनबाला. भुसार बाजारातला हमाल. पोती वाहून डावा खांदा खचलेला. नट आला तो शेवटच्या शॉटला. मला घालून वळला, तोंड दाखवलं, टाळ्या खाल्ल्या.

गेनबाची बायको चंद्रभागा थेटरात बसली व्हती. पडद्यावर तिचे मालक वळले आन् तोंड निघालं परक्याचं. रडली बिचारी. मला लई राग आला, पण कोटाला कोण इचारतंय.

गेनबा मरून गेला. मी आता नारायण पेठेत, श्यामसुंदरशेठच्या भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात टांगलेला. आत कुणी न्हाई, तरी डावा खांदा आपसूक खाली येतो. दुकानातलं कुणी माझ्याकडं पाठ करून उभं ऱ्हात न्हाई.

चंद्रभागा दर पितरपाटात मला बघाय येती. शेठ म्हणतात, आजी, दुपारी एक ते चार दर्शन बंद असतं.

यंदा ती आली, तवा पूर्वा नावाची पोरगी मला आन् हॅट घालून उभी. वाघोलीच्या कॉलेजात फॅशन शिकती. जुन्या रहस्यपटांच्या कपड्यांचा शो व्हता त्यांचा. म्हणाली, लूक भारी आहे काका, फक्त लेफ्ट शोल्डर पडतोय, पॅड टाका. शेठनं उसवायला कात्री उचलली.

म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. "खांदा सरळ करू नगा. मालकांचा फोटू न्हाई माझ्यापाशी. एवढंच हाय."

शेठनं कात्री खाली ठेवली. पेठेतला माणूस दुसऱ्याचं ऐकतो, म्हंजे बघा.

पूर्वानं हॅट डोळ्यांवर ओढली, म्हातारीकडं पाठ केली आन् दाराच्या उजेडाकडं चालत गेली. पोरीचा खांदा सरळ, पर भिंतीवरली सावली डावीकडं कललेली. पावलंबी जड पडाय लागली.

चंद्रभागानं डोईवर पदर घेतला.

"अवो," ती हळूच म्हणाली.

पूर्वा वळणार, तेवढ्यात मी तिला घट्ट आवळलं. वळू नगं पोरी. वळलीस का तोंड दुसऱ्याचंच निघतं. एकदा फसलीय ती. घडीभर अशीच ऱ्हा.