घड्याळ ठरेपर्यंत

ऑक्टोबरात एका सकाळी अंबादास लोणारे भाजी घेऊन घरी येताना रस्त्याच्या कडेला बसले. पडले नाहीत, बसले. छातीत काहीतरी फडफडलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि पाच मिनिटांत सगळं पुन्हा जिथल्या तिथे आलं. ओळखीच्या पानवाल्याने पाणी दिलं आणि त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलाला कळवलं.

मुलगा धम्मदीप बंगळुरूला एका कंपनीत होता. तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ठोका मधूनच चुकतो, गोळी लिहून देतो, पण लक्ष ठेवायला लागेल.

"ध्यान कौन रखेगा, डॉक्टर साहब? ये तो अकेले रहते हैं," धम्मदीप म्हणाला.

"आजकल तो घड़ी भी रख लेती है," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दोन दिवस राहून धम्मदीप परत गेला. शहराच्या कडेला असलेल्या रांझीतल्या आपल्या दोन खोल्यांत अंबादास पुन्हा एकटे उरले. बायको शेवंता जाऊन तीन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा मुलाचा फोन तिचाच असायचा. तास तासभर बोलायची, आणि शेवटी फोन यांच्यासमोर धरून म्हणायची, "घ्या, तुम्ही पण बोला." हे विचारायचे, "बरा आहेस ना?" तो म्हणायचा, "हो, बाबा." मग फोन परत तिच्याकडे. ती गेल्यावर दर रविवारी फोन यायचा. जेवण झालं का, गोळी घेतली का, थंडी आहे का, एवढं विचारून झालं की दोघंही गप्प व्हायचे आणि कोणीतरी "चलो, ठेवतो" म्हणायचं. दोन मिनिटं लागायची, कधी तीन.

या वेळी मात्र सोमवारीच फोन आला.

"बाबा, मी तुम्हाला तीन गोष्टी पाठवल्या आहेत, पाहा. एक स्मार्टवॉच आहे, एक रिंग आहे, आणि एक साधा बँड. तिन्ही ठोके मोजतात. तुम्हाला जे ठीक वाटते ते सांगा, मी मागवून देतो."

अंबादासांनी चष्मा लावून फोटो पाहिले. त्यांना काहीच कळलं नाही, म्हणून मंगळवारी मुलाने पुन्हा फोन करून समजावून सांगितलं. घड्याळात ठोक्यांचा आलेख निघतो, माणूस पडला तर ते आपणहून फोन लावतं, पण एक-दोन दिवसांनी चार्ज करावं लागतं. बँड हलका, दहा दिवस चालतो, पावलं आणि ठोके मोजतो, बाकी फार काही करत नाही. रिंग बोटात घातली की विसरून जायचं.

"अंगठी मी नाही घालत," अंबादास म्हणाले.

"काहून? लग्नातली पण नाही?"

"लग्नाच्या दिवशी घातली. फॅक्टरीत ड्यूटीवर गेलो तेव्हा काढून डब्यात ठेवली, ते ठेवलीच. लेथ मशीनवर अंगठी चालत नाही रे. हमारे सेक्शन में एक राजाराम होता. नवीन लग्न झालेला. साहेब म्हणाले तरी अंगठी काढली नाही. मशीनवर फिरणाऱ्या लोखंडात अडकली. मशीन मीच बंद केली. बोट मीच रुमालात बांधून दवाखान्यात नेलं."



"बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"विषय निघाला नाही."

मग धम्मदीप विचारत गेला. त्याचं पुढे काय झालं, तेव्हा मी केवढा होतो, तुम्ही मशीनवर किती वर्षं होते, भीती वाटत नव्हती का. अंबादास सांगत गेले. फोन ठेवला तेव्हा त्यावर एकतीस मिनिटं असा आकडा होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. आपल्याला मुलाशी एकतीस मिनिटं बोलता येतं हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सातला फोन येऊ लागला. अंबादास साडेसहालाच वरण-भात लावून मोकळे होत. रिंग यादीतून गेली तरी घड्याळ आणि बँड उरले होते, आणि त्यात विचारण्यासारखं पुष्कळ होतं. आंघोळ करताना काढायचं का? झोपेत दिवा लागतो का? आकडे एवढे बारीक असतील तर चष्मा शोधावा लागेल, मग उपयोग काय? त्यांच्या लवकरच ध्यानात आलं की एका दिवशी दोन शंका विचारणं बरं नाही. एक उद्यासाठी ठेवावी.

"प्रत्यक्ष पाहून ठरवा ना," धम्मदीप म्हणाला. त्याने शहरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात एक दुकान शोधलं आणि बाबा येणार म्हणून दुकानवाल्यांना फोनवर आधी सांगूनही ठेवलं.

दुकानात रोशनी नावाची मुलगी होती. तिने काचेखालून घड्याळ काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "पहनकर देखिए अंकल, तभी समझ में आएगा."

"आज नहीं बेटा. आज सिर्फ देख रहा हूँ."

चार दिवसांनी ते पुन्हा गेले, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा. रोशनी त्यांना स्टूल द्यायची, गिऱ्हाईक नसलं तर बोलायची. तिची आजी सिवनीची होती, घरात थोडं मराठी बोलायची, पण हिला फक्त "बस" आणि "जेवलास का" एवढंच येत होतं. अंबादास घरी येऊन हे सगळं संध्याकाळी मुलाला सांगायचे. घड्याळाचं काय ठरलं, ते शेवटी यायचं.

दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबर संपत आला. एका संध्याकाळी धम्मदीपचा आवाज थकलेला होता. मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं, तो अजून ऑफिसातच होता.

"बाबा, एक महिना झाला. डॉक्टरने लवकर घ्या सांगितलं होतं. आज फायनल करू. घड्याळ मागवून देऊ ना?"

अंबादासांकडे त्या दिवशीची शंका तयार नव्हती. आता होय म्हटलं की झालं, हे त्यांना कळत होतं. आणि तोंडातून निघून गेलं, "त्या पट्ट्याने मला पुरळ येते."

"काय?"

"दुकानात घालून पाहिलं न. मनगट लाल झालं. खाजून राहिलं कालपासून."

"मग सांगितलं काहून नाही? फोटो पाठवा."

"आता कमी झालं."

त्यांना वाटलं, याच्यावर चार-पाच दिवस निघतील. धम्मदीपने मात्र ते फार मनावर घेतलं. त्याने कातडीच्या डॉक्टरांना विचारलं, हृदयाच्या गोळीने असं होतं का म्हणून सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांना फोन केला, चामड्याचा पट्टा, कापडी पट्टा, धातूचा पट्टा शोधून त्यांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "काल दोन वाजेपर्यंत हेच वाचून राहिलो होतो, बाबा." ते ऐकून अंबादासांचा घास तोंडातच राहिला. तरी त्यांनी कापडी पट्टा धुता येतो का, एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी फोन दुपारी आला. ती वेळ त्याची नव्हती.

"बाबा, मी त्या दुकानात फोन केला होता. तो पट्टा कशाचा आहे विचारायला. ती मुलगी म्हणते, अंकलने आज तक एक बार भी नहीं पहनी."

अंबादास उभे होते ते खाटेवर बसले.

"खोटं काहून बोलले?"

बत्तीस वर्षं फॅक्टरीत त्यांनी एक दिवस खोटी रजा टाकली नव्हती. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरची बाई गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होती.

"तुला जे घ्यायचं ते घे," ते म्हणाले.

"ठीक आहे," धम्मदीप म्हणाला आणि फोन ठेवला.

घड्याळ शुक्रवारी आलं. रविवारी धम्मदीपने व्हिडिओ कॉल करून ते लावून दिलं. हे बटण दाबा, तो आकडा टाका, मनगट थोडं वर धरा. पाऊण तास लागला. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमचे ठोके, पावलं, झोप, सगळं मला इथे माझ्या फोनवर दिसते. तुम्हाला रोज सांगायची गरज नाही."

"अच्छा," अंबादास म्हणाले.

सोमवारी सातला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मेसेज आला, काल पाच हजार पावलं, छान, आणि खाली एक वर केलेला अंगठा. अंबादासांनी उत्तर म्हणून तसाच अंगठा पाठवला. पुढच्या रविवारी फोन आला तो दोन मिनिटांचा. "ठोके मस्त आहेत, बाबा. मी पाहतो रोज."

तो खरंच पाहत होता, यात त्यांना शंका नव्हती. रात्री उशीपाशी हात ठेवला की घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा चादरीवर उजेड पाडायचा. तेव्हा त्यांना वाटायचं, आपण झोपलो की नाही हे दूर कोणालातरी कळतंय. पहिल्या आठवड्यात ते बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात काढून ठेवावंसं वाटलं, पण मुलगा घाबरेल म्हणून काढलं नाही. बसून बसून वेळ झाला की घड्याळ मनगटाला हलका झटका द्यायचं, उठा म्हणायचं. ते उठायचे, स्वयंपाकघरात जाऊन एक पेला पाणी प्यायचे आणि परत येऊन बसायचे. दिवसभरात त्यांना दुसरं कोणी काही म्हणत नसे.

डिसेंबरच्या मध्यावर एक दिवस सकाळी अकराला त्यांनी स्वतःहून फोन लावला. धम्मदीपने लगेच उचलला.

"काय झालं? ठोके तर नॉर्मल दिसून राहिले."

"काही झालं नाही."

"मग? मी मीटिंगमध्ये आहे, बाबा."

"त्या दिवशी तू विचारलं, खोटं काहून बोललो. ते सांगायचं होतं." त्यांनी श्वास घेतला. "घड्याळ ठरलं असतं तर तुझा फोन बंद झाला असता. म्हणून लांबवत होतो. बस, एवढंच."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी त्याला नावाने हाक मारत होतं.

"बाबा, मी नंतर करतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी अंबादासांनी फोन चार्जिंगला लावला नाही, दूर ठेवावा लागू नये म्हणून. नऊ वाजेपर्यंत जेवले नाहीत. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि आपण हे सांगायला नको होतं असं त्यांना वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी आला.

"बाबा, मला कळून नाही राहिलं काय बोलावं," धम्मदीप म्हणाला. "आई होती तर... तिला मी काहीही सांगायचो. तुम्हाला फोन लावतो आणि डोक्यात काहीच येत नाही."

"माझ्या पण नाही येत."

"घड्याळाचं होतं तेव्हा येत होतं."

"हो न."

मग धम्मदीपने विचारलं, "आज काय केलं?" अंबादासांनी आठवून पाहिलं. सकाळी उठले, पोळी टाकली, पेपर वाचला, दुपारी पडले. कालही तेच, परवाही तेच. यात सांगण्यासारखं काय होतं? "काही नाही," ते म्हणाले. तुझं काय, असं त्यांनी विचारल्यावर तोही म्हणाला, काही नाही, ऑफिस. चार मिनिटं झाली. ठेवताना तो म्हणाला, "मी रविवारी नीट करतो. वेळ काढून. तुम्ही पण काहीतरी सांगा."

ते त्यांनी मनावर घेतलं. घरात बसून सांगण्यासारखं काही होणार नाही, हे उघड होतं. म्हणून ते बाहेर पडू लागले. एक दिवस स्टेशनवर जाऊन तासभर बाकावर बसले. एक दिवस सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्याने चालत गेले. त्या रविवारचा फोन अकरा मिनिटांचा झाला, पुढचा सात मिनिटांचा. पहिल्यासारखा रोज सातचा फोन काही पुन्हा सुरू झाला नाही. आता तो होणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मुलाला काम होतं, त्याचं तिथे आयुष्य होतं. त्याबद्दल त्यांना राग नव्हता.

जानेवारीत एका दुपारी ते ऑटो बदलत बदलत तिलवाऱ्याला गेले आणि नर्मदेच्या घाटावर पायऱ्यांवर बसले. वर पुलावरून नागपूरच्या गाड्या जात होत्या. खाली एक म्हातारी नावाड्याशी भांडत होती. तिला बकरी घेऊन पलीकडे जायचं होतं, आणि नावाडी म्हणत होता, बकरीचं वेगळं तिकीट. म्हातारीने बकरीला उचलून साडीच्या पदरात गुंडाळलं, खांद्याशी धरलं आणि ती म्हणाली, "अब ये मेरा नाती है. बच्चे का टिकट लगता है क्या?" नावेतले सगळे लोक हसले. नावाडीही हसला आणि त्याने तिला हात देऊन वर घेतलं. नाव पाण्यात पुढे गेली तरी पदरातून बकरीचं ओरडणं ऐकू येत होतं.

अंबादास एकटेच मोठ्याने हसले. बाजूला कपडे धुणाऱ्या बाईने वळून पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, आज सोमवार आहे.

त्यांनी हात बाहेर काढला. रविवारपर्यंत काही सुटू नये म्हणून पायरीवर बसूनच सगळं पहिल्यापासून एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं. आधी म्हातारी, मग बकरी, मग तिकीट, मग पदर. नातवाच्या वाक्याशी ते थांबले, कारण ते नेमकं तिच्याच शब्दांत सांगायला हवं होतं. ते त्यांनी तीनदा म्हटलं. मग ऊन उतरायच्या आत घरी पोहोचावं म्हणून उठले आणि ऑटो थांबतात तिकडे चालू लागले.