खुंटीवर मी नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना लाल बाटला आहे, आग विझवणारा. लग्नाच्या एका हॉलमध्ये, स्टेजच्या डाव्या अंगाच्या खुंटीवर माझं उभं आयुष्य गेलं.

कारखान्यात माझ्या पोटात पावडर ठासून भरली, गळ्यात एक कार्ड अडकवलं आणि मला इथे धाडलं. हॉलची देखभाल करणारे काका मला दर सोमवारी गप्पा मारत पुसत आणि दाबाचा काटा हिरव्यावर आहे ना ते बघत. वर्षाची तपासणी झाली की त्यांची मुलगी चिमणी माझ्या कार्डावर तारीख लिहीत असे. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! पुढे ती दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. आमच्या दारावरची पाटीही तिच्याच हातची.

एकदा वायरींच्या पेटीतून जाळ निघाला, तो मी विझवला. आठवडाभर माझं कौतुक झालं, मग लोक विसरले. कोणी माझ्यावर कोट टांगी, कोणी पिशवी. सजावटवाले तर मला पाण्यात पाहत.

"हा ठोंब्या हलवा हो इथून!" ते म्हणत.

"नवरदेव हलवा हवं तर. हा हलायचा नाही," काका ठणकावत.

मग चिमणीचंच लग्न ठरलं. स्वागत समारंभ याच हॉलमध्ये होता.

"काका, प्रत्येक फोटोत हे लाल येतंय," फोटोग्राफर म्हणाला. "पोरीचे फोटो जन्मभर राहणार."

काका घुटमळले. मग "दोन तासांचा तर प्रश्न" असं पुटपुटत त्यांनी स्वतःच मला उचललं. जाताना मला स्टेजवर ठिणग्या उडवणारी दोन यंत्रं दिसली, जाळीच्या पडद्याला अगदी खेटून ठेवलेली.

"अहो, पडदा जवळ आहे," काका म्हणाले.

"थंड ठिणग्या आहेत काका, काही होत नाही!" यंत्रवाला हसला.

काकांनी मान डोलावली आणि मला मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांमागे ठेवून दिलं.

बंद दाराआडून मी टाळ्या ऐकल्या, मग किंकाळ्या. नंतर कळलं, पडदा पेटून नवऱ्या मुलाच्या अंगावर आला होता. काका धावले ते सवयीने खुंटीकडेच. हात रिकाम्या खुंटीवर पडला, तेव्हा त्यांना आठवलं. ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर चिमणीने जळता पडदा उघड्या हातांनी ओढून काढला होता. नवरा वाचला. मी आग विझवली, पण मला उशीर झाला होता. तिच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत.

काकांनी मला पुन्हा खुंटीवर लावलं. आता ते मला रोज पुसतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. मला फार वाईट वाटतं.

यंदा तपासणीनंतर चिमणी आली. काकांनी पेन उचललं.

"राहू दे बाळा, मी लिहितो."

"द्या इकडे बाबा."

तिने डाव्या हातात पेन धरलं. एक तारीख लिहायला तिला बराच वेळ लागला.

"कोंबडीचे पाय झालेत," ती हसली. "पण वाचता येतंय ना?"

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मित्रांनो, ठिणगीला कोणी थंड म्हटलं म्हणून ती थंड होत नाही. तिला पडद्यापासून आणि माणसांपासून लांब ठेवा, आणि मला माझ्या जागी राहू द्या. फोटोत आलो तर येऊ द्या. कधी या हॉलमध्ये आलात, तर माझं कार्ड बघा. वरच्या सगळ्या ओळी मोत्यांच्या आहेत. शेवटची वाकडी आहे, तेवढी नक्की वाचा.