तीनशे रुपयांचा सल्ला

सिद्धेश्वरीबाई चौदा वर्षं गावात आशाताई आहेत. गरोदर बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं की त्यांना सरकारकडून तीनशे रुपये मिळतात. हा आकडा गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रक्तदाबाचा आकडा मात्र त्या एकट्यांनाच कळतो.

त्या दुपारी अंबुबाईंच्या सुनेचा, प्रियदर्शनीचा, रक्तदाब एकशे साठवर एकशे दहा निघाला. आठवा महिना, पायांना सूज, सकाळपासून डोकं दुखतंय. आणि दारात तिचे वडील धनाजी, पिकअपमध्ये गादी अंथरून, पोरीला वेळापूरला न्यायला आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम सरकारच्या सगळ्या योजनांपेक्षा जुना आहे, आणि त्याला फॉर्मही लागत नाही.

"हिला वेळापूरला नेऊ नका," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "आत्ता सांगोल्याच्या दवाखान्यात चला. एवढ्या लांबच्या रस्त्यात झटके आले तर काय करायचं?"

अंबुबाईंनी पदर खोचला. "केस माहेरला गेली की तुजं तीनशे बुडत्यात की, आशाताई."

"मावशी, पैशाचा काय संबंध?"

"संबंध न्हाय कसा? बाजारात मेंढरू इकताना दलाल बी म्हनतो, तुमच्या भल्याचंच सांगतो."

सिद्धेश्वरीबाईंनी रक्तदाबाचं मशीन पुढं केलं.

"मशीन बी सरकारीच की," अंबुबाई म्हणाल्या.

आपण खरं बोलतोय याचा पुरावा सिद्धेश्वरीबाई मनातल्या मनात शोधू लागल्या. पण जे जे सुचलं ते ते तीनशे रुपयांसाठी खोटं बोलणारी बाईही बोलली असती. शेवटी त्या म्हणाल्या, "मला नकोत ते पैसे. लिहून देते."

अंबुबाई आणखीच सावध झाल्या. "बघा पाव्हणं, तीनशे सोडती म्हनती. म्हंजे तितं दवाखान्यात हिचं जास्त ठरलंय."

ओट्यावर डोळे मिटून बसलेली प्रियदर्शनी सासूला म्हणाली, "आत्या, मला समोरचं दोन-दोन दिसतंय."

"उनानं आसंल."

धनाजी आळीपाळीनं दोघींकडं बघत होते. "आमच्याकडं बी हाय की आशाताई. अंकिता म्हनून. रोज फोन करती, पोरीला कवा आणताय. समदी तयारी करून बसलीया."

बसणारच, तिचेही तीनशेच आहेत, असं सिद्धेश्वरीबाईंच्या मनात आलं. ते वाक्य त्यांना हुबेहूब अंबुबाईंच्या आवाजात ऐकू आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण वेळ नव्हता.

"लावा तिला फोन," त्या म्हणाल्या. "स्पीकरवर ठेवा."

त्यांनी अंकिताला रक्तदाब सांगितला, सूज सांगितली, डोळ्यांचं सांगितलं. पलीकडून अंकितानं आकडा पुन्हा एकदा विचारला. हिशेब चाललाय, सिद्धेश्वरीबाईंना वाटलं.

"काका," अंकिता म्हणाली, "हितं आणू नका तिला. त्या ताई सांगत्यात तसं करा. गाडी सांगोल्याला घ्या, ह्या मिनटाला. बोलत काय बसलाय? ठेवा फोन."

अंबुबाई चपला शोधू लागल्या. "ऐकलंत का? सोताचं तीनशे बुडवून बोलली पोरगी. म्हंजे खरं हाय." त्यांनी सुनेला दंडाला धरून उठवलं आणि अर्धा तास हेच सांगणाऱ्या बाईला म्हणाल्या, "बगत काय हुबी ऱ्हायलीस? बस की गाडीत!"

झटका आलाच, पण सांगोल्याच्या दवाखान्यात, खाटेवर, हाताला सलाईन लागल्यावर. तिथून ॲम्ब्युलन्सनं पंढरपूर, आणि तिथं ऑपरेशन. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आईनं दुसऱ्या दिवशी चहा मागितला. अंबुबाई वॉर्डभर सांगत होत्या की वेळापूरच्या त्या अंकितामुळं सून वाचली. ते खोटं नव्हतं, त्यामुळं सिद्धेश्वरीबाईंना खोडताही येईना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सनं फॉर्म पुढं केला. सोबत आणणाऱ्या आशाचं नाव, सही. सिद्धेश्वरीबाईंनी पेन हातात घेतलं. दोन दिवस त्या इथं व्हरांड्यात झोपल्या होत्या. पैसे हक्काचे होते. न घेता घरी गेल्या असत्या तरी ते अंकिताला मिळाले नसते, कुणालाच मिळाले नसते.

चौदा वर्षांत अशा शेकडो सह्या त्यांनी केल्या होत्या. ही करण्याआधी मात्र त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं, अंबुबाई जवळपास नाहीत ना.