एकदाच भरायची चिप

माझा दादा अनुप भंडाऱ्याला आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने माझ्यापुढे दोन मेमरी चिप ठेवल्या. एकीच्या डोक्यावर काचेची इवली खिडकी. तिच्यातला प्रोग्राम खास दिव्याखाली पुसून नवा भरता येतो. दुसरी ठार बंद. एकदा भरली की भरली.

"हर्षे, खिडकीवाली घे. चुकलं त मिटवता येते."

"मी काहून चुकीन? ते तुले ठेव!"

आठवीत पहिली आले होते ना मी! चूक पुसायची सोय म्हणजे मला माझा अपमानच वाटला. शाळेच्या घंटेचं वेळापत्रक तीनदा तपासलं आणि दादाकडून बंद चिप भरून आणली.

माझी आपोआप वाजणारी घंटा तुमसरच्या विज्ञान प्रदर्शनात जायची होती. हेडसरांची अट एकच, आधी आठवडाभर शाळा तिच्यावर चालवून दाखव. सोमवारपासून ती बरोब्बर साडेदहाला प्रार्थनेची वाजू लागली. मी व्हरांड्यातून अशी चालायचे, जसं काही सूर्यही मला विचारून उगवतो. शिपाई गोमाजीकाकांना तर म्हणालेसुद्धा, "काका, आता तुम्ही आराम करा."

"करतो ना माय," ते म्हणाले.

शनिवारी साडेसातला घंटा गप्प. वायर हलवली, डब्याला थापट मारली. गप्पच. मग डोक्यात उजेड पडला. शनिवारी शाळा सकाळची! आठ वर्षं दर शनिवारी डोळे चोळत आले, आणि चिपमध्ये भरले सहाही दिवस साडेदहा.

काकांनी टोले देऊन शाळा भरवली. साडेदहाला, ऐन शेवटच्या तासाला, माझी घंटा खणखणली. पाचवीची पोरं शहाण्यासारखी मैदानात जाऊन हात जोडून उभी राहिली.

"मिटवता येते काय?" हेडसरांनी विचारलं.

"नाही सर. एकदाच भरता येते."

"अशी कोनं निवडली?"

"मीच."

दादाची आयटीआय शनिवारी दुपारीच बंद, उद्या रविवार, परवा प्रदर्शन. मी पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'स्वयंचलित घंटा. फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवारी बंद ठेवावी.'

हेडसरांनी दोनदा वाचलं. "खरं लिवलं. ने तुमसरले."

गोमाजीकाका मागून डोकावले. "अन् शनिवारी कोन वाजवते?"

"तुम्ही."

"मंग तेबी लिव ना! अक्षर मोठं काढजो."