न उघडणारी खिडकी

घर बघताक्षणी पसंत पडावं असंच होतं. जुन्या वस्तीतली दगडी इमारत, दोन बेडरूम, नवी फरशी, नवे नळ. एजंट तर "सगळं नवंकोरं" एवढंच घोकत होता. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसरी बेडरूम दाखवा." तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

कारण ती खोली तिच्या वडिलांसाठी, आबांसाठी हवी होती. आबांचा दमा बळावला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, खेळती हवा असलेली खोली बघा, नाहीतर माझ्याकडे फेऱ्या मारत बसा. राहत्या घराच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत घर खाली करायला सांगितलेलं. सहा घरं बघून झाली होती. कुठे आबांची खोली स्वयंपाकघराच्या धुरात, तर कुठे चक्क जिन्याखाली.

दुसऱ्या बेडरूममध्ये मात्र खिडकी होती. दुधी काच, पातळ पडदा, छान ऊन आलेलं. आबा तीन मजले चढून धापा टाकत होते, तरी सरळ खिडकीपाशी गेले. जन्मभर खिडक्या-दारंच केली होती त्यांनी. आता त्यांचं वर्कशॉप तीच चालवत होती, आणि लेक बापाच्या वरताण काम करते असं लोक म्हणायचे.

आबांनी चौकटीवरून हात फिरवला, कोपऱ्यात अंगठा दाबला.

"हा सांधा तुझा आहे," ते म्हणाले.

तिनं वाकून बघितलं. तिचाच होता. चार महिन्यांपूर्वी एका ठेकेदाराचा कागद आला होता. दोन बाय तीनची चौकट, काच दुधी, बिजागऱ्या नकोत. कामं तुंबलेली होती. तिनं कागदावरच्या मापानं चौकट करून पाठवून दिली. आबांचा सगळ्या हयातीत एकच हट्ट होता, भिंत डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिडकी करायची नाही. तिला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

"माप घ्यायला गेली नव्हतीस," आबा म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं.

तिनं पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढला. एजंट "अहो मॅडम, हे काय करताय" म्हणेपर्यंत तिनं काचेभोवतीच्या पट्ट्या सोडवून काच उतरवलीसुद्धा. मागे एक ट्यूबलाइट आणि वीतभर अंतरावर विटांची भिंत. ऊन म्हणे!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणसं राहायची आहेत इथे, लोणच्याच्या बरण्या नाही ठेवायच्या," ती म्हणाली. "लाज कशी वाटत नाही?"

"खिडकी आहे असं म्हटलं होतं. उघडते असं कुठे म्हटलं?" एजंट शांतपणे म्हणाला. "आणि तुम्ही नाही घेतलंत तर दारात माणसं उभीच आहेत."

खरंच उभी होती. एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर तान्हं मूल. दोघांनी ट्यूबलाइट बघितली, विटा बघितल्या, एकमेकांकडे बघितलं. आता ही दोघं एजंटची चामडी लोळवणार, म्हणून ती काच हातात धरून वाट बघत राहिली.

"आम्हाला चालेल," नवरा म्हणाला.

मग ती बाई तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तेवढी काच परत बसवून द्याल? बाळाला उजेड दिसला की बरं वाटेल."

इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता, आणि काढावा तर कोणावर? एजंटवर? ठेकेदारावर? खिडकी तर तिच्याच हातची होती. मागे आबांना खोकल्याची उबळ आली, ते भिंतीला टेकून उभे राहिले.

तिनं काच अलगद भिंतीला टेकवून ठेवली आणि आबांच्या काखेत हात घातला.

"खिडकी करून देईन, हवी तेव्हा सांग," ती त्या बाईला म्हणाली. "पण पलीकडे हवा असलेली भिंत मिळाली की बोलव. माप घ्यायला मी स्वतः येईन."