बदकाला सांगितलंस का?

मी बोलतोय म्हणून दचकू नका. मी एक रबरी बदक. लहान मुलांच्या आंघोळीच्या टबात तरंगायला साच्यातून निघालो, पण पाण्याचा थेंबही नशिबात नव्हता. सारा जन्म गेला संगणकाशेजारी, लोकांच्या चुका ऐकण्यात. आजवर तोंड उघडलं नाही. आज उघडतोय, कारण माझ्या हातून एक पाप घडलंय. हातून म्हणायला मला हात नाहीत, पण मन खातं ते खातंच.

माझी मालकीण तेव्हा नोकरीत नवीन होती, गटात एकटीच बाई. काही अडलं की वरिष्ठांकडे जायची आणि "नंतर बघू" ऐकून परत यायची. ते नंतर कधी उजाडायचंच नाही. शेवटी निवृत्त होणाऱ्या एका प्रोग्रॅमरकाकांनी टेबल आवरताना मला तिच्या हातात ठेवलं.

"कोणी ऐकत नसेल तर प्रोग्रॅमची एकेक ओळ याला समजावून सांग. सांगता सांगता चूक सापडते. हा कंटाळत नाही."

खरंच सापडायची. बोलता बोलता ती थांबायची, कपाळाला हात लावायची आणि कामाला लागायची. अक्कल तिची, पण फुशारून मी जायचो.

बारा-तेरा वर्षांत ती गटाची प्रमुख झाली, मॅडम झाली. हाताखाली आलेल्या मुलींना जीव लावून शिकवायची. नियम एकच: "अडलं तर आधी बदकाला सांगायचं, तरीही सुटलं नाही तर माझ्याकडे यायचं." मुली हसत मला उचलून न्यायच्या आणि बहुतेकींचं माझ्यावरच भागायचं. मॅडमचा वेळ वाचायचा. वाचलेला वेळ मीटिंगा खाऊन टाकायच्या.

गटात सगळ्यांत नवी होती ती 'धाकटी'. एका हॉस्पिटलसाठी काम चाललं होतं. रुग्णांना तपासणीच्या, ऑपरेशनच्या तारखेचा निरोप फोनवर पाठवायचा. काम दोन दिवसांत सोपवायचं होतं. धाकटी मॅडमच्या दाराशी आली.

"मॅडम, ते एकतीस तारखेचं जरा..."

मॅडमनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "बदकाला सांगितलंस का?"

धाकटीने मला आपल्या टेबलावर नेलं आणि सगळं सांगितलं. एकतीस तारखेच्या रुग्णांना निरोप जातच नाही. तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. मला सगळं कळत होतं. मग ती पुटपुटली, "मॅडमच्या नजरेतून सुटणार नाही. माझंच काहीतरी चुकत असेल." मला परत ठेवायला गेली तेव्हा मॅडम फोनवर होत्या. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

एकतीस तारीख आली. कोणालाच निरोप गेला नाही. एक आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनला पोचलेच नाहीत, आणि पुढची वेळ मिळाली तीन महिन्यांनंतरची.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे तपासलं कोणी?" प्रोग्रॅम तपासणाऱ्यांच्या यादीत नाव धाकटीचं होतं. ती हळूच म्हणाली, "मी सांगायला आले होते."

सगळे मॅडमकडे बघायला लागले.

"मला आठवत नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी ओळखपत्र जमा करून गेली.

त्या दुपारी मॅडमनी केबिनचं दार लावलं आणि कितीतरी वर्षांनी मला समोर घेतलं. पूर्वीसारखी एकेक ओळ सांगायला लागल्या. "सोमवारी ती आली. एकतीस तारीख म्हणाली. मी वर बघितलं नाही. मी म्हटलं..." तिथेच थांबल्या. कपाळाला हात लावला नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला प्रथमच स्वतःची लाज वाटली.

मग त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर साहेबांना खरं सांगून आल्या. परत येऊन धाकटीला फोन लावला.

"चूक माझी होती. साहेबांना सांगितलंय मी. तू परत ये."

धाकटीने एवढंच विचारलं, "मॅडम, मीटिंगमध्ये तुम्हाला आठवत होतं ना?"

"हो."

फोन कट झाला.

तेव्हापासून मी ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या शेजारी. माझी तक्रार नाही. फक्त एक विनवणी आहे. स्वतःशी बोलायला मला खुशाल घ्या, पण दाराशी आलेल्या माणसाला माझ्याकडे पाठवू नका. मी ऐकतो, पण उठून कोणाला सांगू शकत नाही.

धाकटी काही परत आली नाही. दुसऱ्या मुली येतात. खुर्ची ओढल्याचा आवाज मला आतून ऐकू येतो. "बोल," मॅडम म्हणतात, आणि ती मुलगी थांबेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.